जॉन विल्सन आणि मराठीतून शिकवलेलं हिब्रू

शब्दवेडी (धागाकर्ती)

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती चाळत होते. सुरुवातीलाच मराठी भाषेवर एक दीर्घ टिपण लागलं: मराठी कोणकोणत्या घटकांची बनली आहे, ती कुठवर पसरली आहे, तिचा उपयोग काय. खाली नाव रेव्हरंड जॉन विल्सन यांचं. चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजचे हेच ते विल्सन. कॉलेजवरून बसने हजारदा गेले असेन, पण ज्यांचं नाव त्याला दिलं आहे ते कोण, याचा शोध त्या दिवशी सुरू झाला. तिथून पुढे गेल्यावर जे सापडलं त्याने मी अजून भारावलेली आहे. १८३२ साली या माणसाने हिब्रू भाषेचं प्राथमिक व्याकरण मराठीत लिहिलं.

हे वर्ष जरा डोळ्यांसमोर आणा. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालं. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती नुकतीच निघाली होती. मराठी गद्य अजून छापील पानावर पाय रोवत होतं, आणि त्याच सुमाराला कोणीतरी मराठीतून हिब्रूचं आलेफ-बेथ, म्हणजे अ-आ-इ, शिकवत होतं!

कोणासाठी, हे सांगण्याआधी माणसाबद्दल थोडं. जन्म ११ डिसेंबर १८०४, स्कॉटलंडमधलं लॉडर हे गाव. शिक्षण एडिंबरा विद्यापीठात. तिथल्या प्रेस्बिटेरियन पंथात पाळक व्हायचं तर हिब्रू आणि ग्रीक शिकावं लागे. शास्त्र मूळ भाषेतून वाचल्याशिवाय त्यावर बोलू नये, ही प्रॉटेस्टंटांची जुनी शिस्त. बहुतेक पाळक परीक्षेपुरतं शिकत आणि विसरत. विल्सन विसरले नाहीत.

१८२८ मध्ये मार्गारेट बेन यांच्याशी लग्न झालं आणि १८२९ च्या फेब्रुवारीत दोघं मुंबईत उतरली. मराठी शिकायला आधी गेली कोकणात, हर्णै आणि बाणकोटला. स्कॉटिश मिशनची ठाणी तेव्हा तिथे होती. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत परत आली, तेव्हा विल्सन मराठीतून बोलू लागले होते. मार्गारेटही मराठी शिकल्या. त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा त्यांच्याच कामातून उभी राहिली. त्या १८३५ मध्ये गेल्या, मुंबईत येऊन पुरती सात वर्षंही झाली नव्हती.

आता ते व्याकरण. ते होतं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू लोकांसाठी. अलिबाग, रेवदंडा, पेण, मुरूड या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावाच्या तोंडी 'शनवार तेली'. आडनावं गावावरून: दिवेकर, केहीमकर, नवगावकर, पेझारकर. पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ समुद्रात गेले. उरली सुंता, शनिवार, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. बोलायला मराठी. आपल्याच धर्माची भाषा वाचता येणारे थोडे.

विल्सन त्यांना ख्रिस्ती करायला आले होते, यात आडपडदा काही नाही. जुना करार त्यांनी मूळ हिब्रूत वाचला की नवा करार आपोआप पटेल, असा त्यांचा विश्वास होता. म्हणून व्याकरण लिहिलं, शाळांत हिब्रू शिकवलं. बेने इस्रायल मुलंमुली या शाळांत मोठ्या संख्येने गेली. हिब्रू शिकली, इंग्रजी शिकली, आणि थोडे अपवाद सोडले तर ज्यूच राहिली. एवढंच नाही, अधिक डोळसपणे ज्यू झाली. जे वाचता येत नव्हतं ते आता त्यांना वाचता येऊ लागलं.

मला विल्सन यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. कॉलेज, विद्यापीठाचं कुलगुरुपद, संशोधन हे सगळं नंतर. तुमच्याकडे काही माहिती, आठवणी असतील तर जरूर लिहा.

मोडीवाचक

फार सुंदर धागा. विल्सन यांची विद्वत्ता हिब्रूपुरती नव्हती, म्हणून थोडी भर घालतो.

१८३५ मध्ये ते काठेवाडात फिरले तेव्हा गिरनारच्या पायथ्याचा तो मोठा खडक त्यांनी पाहिला. त्यावर कोणालाही न वाचता येणाऱ्या लिपीत ओळीच्या ओळी कोरलेल्या होत्या. पुढे कॅप्टन लँग यांनी त्यांच्यासाठी त्या लेखाचे कापडावर ठसे घेतले आणि ते कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोचले. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या प्रिन्सेपना अशोकाचे लेख वाचताना हे ठसे अत्यंत मोलाचे ठरले. 'देवानांप्रिय' राजाचे शब्द आपण आज वाचतो, त्यात मुंबईतल्या आंबरोलीच्या या पाद्र्याचा हात आहे.

रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते १८३५ पासून सात वर्षं अध्यक्ष होते. १८४८ मध्ये पश्चिम भारतातल्या लेण्यांची पाहणी करायला मंडळ नेमलं गेलं, त्याचेही अध्यक्ष तेच. कार्ले, कान्हेरी, वेरूळ, अजिंठा यांची एकत्रित, पद्धतशीर नोंद ठेवण्याची ती सुरुवात.

आंग्रेकालीन

माहिती चांगली आहे, पण कौतुकाच्या ओघात दुसरी बाजू निसटू नये म्हणून लिहितो. विल्सन यांनी हिंदू, पारशी आणि मुसलमान, तिन्ही धर्मांविरुद्ध उघड वाद केले, पुस्तकं लिहिली. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी त्यावर हिंदुधर्माची स्थापना करणारी पुस्तिका लिहिली, विल्सननी तिचं खंडन छापलं. इथपर्यंत ठीक, वादाला वादाने उत्तर.

पण १८३९ मध्ये शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी, धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी यांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबई हादरली. प्रकरण कोर्टात गेलं. पालकांनी मुलं काढून घेतली, शाळा ओस पडली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, कोवळं पोर, विल्सन यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरी राहायला गेला. वडिलांना स्वतःचा मुलगा परत मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली. मुलगा मिळाला तर जातीने दार लावलं, कारण तो पाद्र्याच्या घरी जेवला होता. बाळशास्त्री त्या मुलामागे उभे राहिले, त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्या म्हणून भांडले, आणि त्यापायी स्वतः रोष ओढवून घेतला.

त्या बापाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. शाळेत घातलेलं पोर परक्याचं होतं, ही भीती खरी होती. विल्सन यांचं पांडित्य मला मान्य आहे. पण ते सगळं एका हेतूला जुंपलेलं होतं, हे धाग्यात ठसठशीत असलं पाहिजे.

शब्दवेडी

आंग्रेकालीन, तुमचा प्रतिसाद धाग्याला हवाच होता. श्रीपतची गोष्ट वाचताना मलाही गलबलून आलं होतं. धर्म बदलणाऱ्या सज्ञान तरुणाचा प्रश्न वेगळा आणि कोवळ्या मुलाचा वेगळा. दुसऱ्या बाबतीत माझी सहानुभूती पूर्णपणे वडिलांकडे आहे.

हेतूबद्दलही तुमचं बरोबर आहे, आणि बेने इस्रायलांच्या बाबतीत तो हेतू फसला ही गोष्ट मला म्हणूनच इतकी महत्त्वाची वाटते. एखादी भाषा एकदा शिकवली की तिच्यातून काय वाचायचं हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. विल्सननी दिलेलं हिब्रू घेऊन ही मुलं स्वतःच्या प्रार्थनांकडे गेली.

जोसेफ इझिकेल राजपूरकर यांचं नाव सांगते. जन्म १८३४, म्हणजे व्याकरणानंतर दोनच वर्षांनी. पुढे ते मुंबईत डेव्हिड सॅसून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले आणि त्यांनी ज्यू प्रार्थनांची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. एका पिढीपूर्वी ज्यांच्याकडे ग्रंथ नव्हते, त्यांच्यातला माणूस विद्यापीठात हिब्रूची उत्तरपत्रिका तपासतो! श्रेय एकट्या विल्सनचं अर्थातच नाही. कोचीहून आलेले ज्यू शिक्षक होते, बगदादी ज्यूंच्या संस्था होत्या, आणि मुख्य म्हणजे या लोकांची स्वतःची ओढ होती. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्येच बांधलं होतं, विल्सन जन्मायच्या आधी.

व्याकरणप्रेमी

मी काही वर्षं हिब्रू शिकलो आहे, इंग्रजी पुस्तकांवरून. शिकताना सतत वाटायचं की हे सगळं मराठीतून सांगितलं असतं तर निम्म्या वेळात कळलं असतं. आता कळतंय की १८३२ मध्ये एकाने ते केलं होतं. मला काय म्हणायचं आहे ते उदाहरणाने दाखवतो.

इंग्रजी माणसाला हिब्रूत पहिला धक्का बसतो तो क्रियापदाच्या लिंगाचा. 'मी जातो' हे पुरुष म्हणतो 'अनी होलेख', बाई म्हणते 'अनी होलेखेत'. इंग्रजी पुस्तक यावर पानभर समजूत घालतं. मराठी मुलाला काय समजूत घालायची? तो जातो, त्याची आई जाते. पुढे भूतकाळात 'तू' सुद्धा वेगळा होतो: पुरुषाला 'हालाख्ता', स्त्रीला 'हालाख्त'. आपल्याकडे 'तू गेलास', 'तू गेलीस'. सरळ शेजारी शेजारी मांडता येतं.

दुसरं, धातू. हिब्रूचा शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा असतो. क-त-ब म्हणजे लिहिणं, 'काताव' म्हणजे त्याने लिहिलं. अरबी ही हिब्रूची बहीण, तिच्यातही हाच सांगाडा. आणि अरबीतून फारसीच्या वाटेने 'किताब' आपल्या घरात आलेलं. 'शालोम' ऐकणाऱ्याला 'सलाम' ओळखीचा. म्हणजे मराठी माणसाच्या शब्दसंग्रहात या कुळाची पाहुणेमंडळी आधीच बसलेली होती.

तिसरं, लिपी. उजवीकडून डावीकडे, हे शिकावं लागतं. पण स्वर दाखवायला अक्षराच्या खाली, वर, मध्ये ठिपके-रेघा देतात, ते आपल्या काना-मात्रा-वेलांटीसारखं. आणि सिनेगॉगमधल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीत ते ठिपके नसतात, नुसती व्यंजनं. वाचणाऱ्याने संदर्भाने स्वर भरायचे. मोडी वाचणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ संदर्भानेच ठरवायची सवय होती, त्याला यात अगदीच नवल वाटलं नसेल.

अडतं ते एका ठिकाणी. 'सूस' म्हणजे घोडा, 'सूसी' माझा घोडा, 'सूसो' त्याचा घोडा. मालक शब्दाच्या शेपटीला चिकटतो. हे मराठीत नाही, इथे घोकंपट्टीच करावी लागते.

अष्टागर_रेवदंडा

मी बेने इस्रायल घरातली आहे. सहसा वाचून जाते, आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझी आजी आमच्या सणांना जी नावं घ्यायची ती कुठल्याच हिब्रू पुस्तकात नाहीत. नव्याचा सण. दारफाळणीचा सण, त्या दिवशी कडक उपास आणि दारं लावून घरात. बिरड्याचा सण, त्याला वालाचं बिरडं. शाळेतल्या मैत्रिणींना वाटायचं की हे काहीतरी आमच्या गावचं आहे. यातला दारफाळणीचा म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, आणि बिरड्याचा म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याचा शोक, हे मला मोठं झाल्यावर कळलं. पुस्तकं गेली तरी तिथी धरून ठेवल्या होत्या आमच्या लोकांनी, मराठी नावांनी.

नवस फेडायला मलिदा करतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर सुकामेवा आणि फळं. मोठ्या ताटात डोंगरासारखा रचायचा आणि एलियाहू हानावी, म्हणजे एलिया संदेष्टे, यांचं गाणं म्हणायचं. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्यावर त्यांच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत असं आम्ही मानतो. आजी तिथे चप्पल काढून उभी राहायची.

तिचं प्रार्थनेचं पुस्तक माझ्याकडे आहे. समोरासमोर हिब्रू आणि मराठी. हिब्रूच्या पानांना कोपऱ्यात बोटाचा डाग पडलाय, मराठीची पानं त्या मानाने कोरी आहेत. म्हणजे ती वाचायची हिब्रूच. अर्थ पाठ होता.

मोडीवाचक

अष्टागर, किती छान लिहिलंत. समोरासमोर दोन भाषा म्हटल्यावर आठवलं. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये छापली गेली. दुसरी पुण्यात, १८७४ मध्ये. पुण्याच्या प्रतीतली चित्रं मी छायाचित्रांत पाहिली आहेत. साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत, एक मळते, एक लाटते. इजिप्तमधून सुटकेची कथा आणि स्वयंपाकघर आपलं.

कीर्तनंही होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायल मंडळी मराठी कीर्तनाच्या घाटात योसेफाची, मोशेची आख्यानं लावत. आर्या, साकी, सगळं व्यवस्थित.

कुलाबा_ते_किबुत्झ

इस्रायलमधून वाचतो आहे. इथे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी मराठी आहे, मराठीतून 'मायबोली' नावाचं नियतकालिकही इथे निघालं. गंमत वाटते की माझ्या खापरपणजोबांच्या पिढीने मराठीतून हिब्रू शिकलं आणि माझी मुलं हिब्रूतून मराठी शिकताहेत.

एक विचारायचं होतं. आम्ही 'हरवलेल्या दहा कुळांपैकी' आहोत हे विल्सन यांच्यामुळे पसरलं, असं लहानपणी ऐकलं आहे. ते कितपत खरं?

शब्दवेडी

बऱ्याच अंशी खरं. असिरियाने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेचं राज्य जिंकलं आणि तिथल्या कुळांना परागंदा केलं, बेने इस्रायल त्यांचे वंशज, असं विल्सन यांचं मत. त्यांचा एक आधार नावाचा होता: हे लोक स्वतःला 'इस्रायलची लेकरं' म्हणवत, 'यहुदी' म्हटलेलं त्यांना रुचत नसे. 'यहुदी' हा शब्द दक्षिणेच्या यहुदा राज्यावरून आलेला.

पण त्यांच्याच समाजातले इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी वेगळं मांडलं. सीरियाचा राजा अँटायोकस याच्या छळापासून पळालेले लोक, काळ इ.स.पू. १७५ च्या आसपास, असा त्यांचा तर्क. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी आणि भारतीयांशी, दोन्हीकडे नातं दिसलं. कधी आले हा वाद संपलेला नाही. मला केहीमकरांबद्दल आदर वाटतो तो यासाठी की पाद्र्याने सांगितलेली आपल्या जन्माची गोष्ट त्यांनी तशीच स्वीकारली नाही, स्वतः तपासली.

चौपाटीवाला

कॉलेजचा माजी विद्यार्थी. थोडक्यात: १८३२ ला आंबरोलीला इंग्रजी शाळा म्हणून सुरुवात. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं तेव्हा विल्सन मायदेशीच्या वाटेवर होते, इजिप्त-सिनाई-पॅलेस्टाइन पाहत चालले होते, सोबत तेच धनजीभाई नौरोजी. विल्सननी फुटून निघालेल्या फ्री चर्चची बाजू घेतली. परिणाम असा की मुंबईत नुकतीच बांधलेली इमारत सोडावी लागली आणि भाड्याच्या जागेतून सगळं पुन्हा उभं केलं. चौपाटीची आजची वास्तू १८८९ ची, त्यांनी ती पाहिली नाही. ते १ डिसेंबर १८७५ ला मुंबईतच गेले.

कवी निसिम इझिकेल याच कॉलेजचे विद्यार्थी, आणि बेने इस्रायल. या धाग्यात त्यांचं नाव यायलाच हवं.

आंग्रेकालीन

धागा वाचत राहिलो आणि एक गोष्ट माझ्याकडूनही मांडतो. १८६८ मध्ये विल्सन मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याआधी तिथे ते संस्कृत, फारसी, हिब्रू, मराठी, गुजराती अशा भाषांचे परीक्षक होते. आफ्रिकेतून गुलामगिरीतून सुटलेली मुलंही त्यांच्या शाळेत होती. आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याने चुमा नावाच्या मुलाला मुंबईत त्यांच्याकडेच ठेवलं होतं. पुढे लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत हा चुमा होता. श्रीपतच्या वडिलांबद्दल मी जे लिहिलं ते तसंच ठेवतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अवतीभवती घडल्या आहेत.

व्याकरणप्रेमी

अष्टागर, एक विनंती. आजीच्या पुस्तकात कुठे देवनागरीत लिहिलेलं हिब्रू आहे का? त्या काळचा उच्चार कसा होता ते त्यावरून कळेल.

अष्टागर_रेवदंडा

आहे. मागच्या कोऱ्या पानावर आजीच्या हातचं, शाईचं. अक्षर बाळबोध, वर रेघ न देता लिहिलेलं. जसंच्या तसं उतरवते:

'शेमा यिस्राएल अदोनाय एलोहेनू अदोनाय एहाद'

त्याखाली एक ओळ सोडून मराठीत: 'धाकटीला पाठ करून घेणे.' धाकटी म्हणजे माझी आई.